पंधरा दिवसांच्या अंतराने पेरलेले दोन वाफे एकदमच काढणीला का येतात?

भाजी पिकवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतो. तोडणी टप्प्याटप्प्याने व्हावी म्हणून घेवड्याचा एक वाफा आज पेरायचा, दुसरा पंधरा दिवसांनी. पहिला संपत आला की दुसरा सुरू होईल, असा साधा हिशोब. प्रत्यक्षात दोन्ही वाफे तीन-चार दिवसांच्या फरकाने तोडणीला येतात. दोन आठवडे माणसं पुरत नाहीत आणि नंतर शेतात तोडायला काहीच नसतं. विकत घेणाऱ्याला हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसते. एखादी भाजी कितीतरी दिवस मिळत नाही, आणि मग एके दिवशी सगळीकडे तीच.

अशा वेळी आपण सगळेच त्या आठवड्यातल्या पावसाला नाहीतर उन्हाला कारण ठरवतो. बहुतेकदा कारण त्याहून बरंच जुनं असतं. बी मातीत पडल्यापासूनच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत जे घडलं, त्याचा हिशोब रोप महिना-दोन महिन्यांनी पुढे करतं. मधल्या काळात शेत हिरवंगार दिसतं, त्यामुळे काही बिघडलंय याचा पत्ताच लागत नाही. माझ्या मते भाजीपाल्याच्या शेतीतली सगळ्यात कमी समजून घेतलेली गोष्ट हीच आहे.

## रोप दिवस मोजत नाही, ऊब मोजतं

बियाण्याच्या पाकिटावर ‘60 दिवसांत तयार’ असं छापलेलं असतं. रोपाला त्या आकड्याचा पत्ता नसतो. त्याच्या पेशी किती वेगाने वाढतील हे त्यांना मिळणाऱ्या उबेवर ठरतं. मंद आचेवर ठेवलेलं भांडं आणि मोठ्या आचेवर ठेवलेलं भांडं एकाच वेळी उकळत नाही, तसंच.

ही ऊब मोजण्याची पद्धत बरीच जुनी आहे. 1735 मध्ये रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडलं की पीक तयार व्हायला ठरावीक दिवस लागत नाहीत, ठरावीक उष्णता लागते. आज त्याच कल्पनेला आपण उष्णता एकक म्हणतो. गणित सोपं आहे. दिवसाचं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान घ्यायचं, त्यांची सरासरी काढायची, आणि ज्या तापमानाखाली ते पीक जवळजवळ वाढतच नाही तो आकडा त्यातून वजा करायचा. घेवड्यासाठी तो साधारण 10 अंश धरतात.

आता ते दोन वाफे पाहू. समजा, पहिला वाफा पेरल्यानंतर पंधरा दिवस हवा गारच राहिली आणि रोजची सरासरी 12 अंश होती. म्हणजे रोजची कमाई 2 एककं, पंधरा दिवसांची 30. मग हवा तापली, सरासरी 20 अंशांवर गेली आणि त्याच दिवशी दुसरा वाफा पेरला. आता दोन्ही वाफ्यांची कमाई रोज 10 एककं. पहिल्या वाफ्याने पंधरा दिवसांत जी 30 एककांची आघाडी मिळवली, ती आता केवळ तीन दिवसांची ठरते. कॅलेंडरवर अंतर पंधरा दिवसांचं आहे, पिकासाठी ते तीन दिवसांचं आहे.

यात हवा, माती आणि पाणी यांचे बारकावे येत नाहीत हे खरं. खूप कडक उन्हात हे गणित चुकतंही, कारण एका मर्यादेपलीकडे ऊब वाढली तरी वाढ थांबते. पण ‘वेळेवर पेरूनही पीक मागे का’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

## बियाला हवा कळत नाही, माती कळते

दुपारी अंगावर ऊन चांगलं लागतंय म्हणजे पेरायला हरकत नाही, ही समजूत महागात पडते. बी जिथे पडलंय तिथलं, म्हणजे चार-पाच सेंटिमीटर खोलीवरचं तापमान महत्त्वाचं. माती सावकाश तापते. ओली माती तर आणखी सावकाश, कारण मातीबरोबर तिच्यातलं पाणीही तापवावं लागतं.

टोमॅटोचं बी घ्या. मातीचं तापमान 25 अंश असेल तर ते सुमारे सहा दिवसांत वर येतं. 20 अंशांना आठ दिवस, 15 ला चौदा. आणि 10 अंशांना? जवळजवळ त्रेचाळीस दिवस. पंधरावरून दहावर येताना वेळ तिपटीने वाढतो. काकडी, घेवडा, भेंडी, मिरची यांना साधारण 15-16 अंशांच्या खाली उगवणं जमतच नाही. वाटाणा, पालक, कांदा, गाजर मात्र 5-10 अंशांच्या मातीतही उगवतात, सावकाश.

नुसता उशीर झाला असता तर फार बिघडलं नसतं. पण गार, ओल्या मातीत पडून राहिलेलं बी हे उघड्यावर ठेवलेलं अन्न असतं. कोरडं बी पहिल्या काही तासांत झपाट्याने पाणी शोषतं. ते पाणी फार गार असेल तर घेवड्यासारख्या बियांच्या पेशींची आवरणं नीट जुळून येत नाहीत आणि आतली साखर बाहेर झिरपू लागते. या साखरेच्या वासावर मातीतल्या बुरश्या येतात, बी पोखरणाऱ्या अळ्या येतात. बी सडतं. जे कसंबसं वर येतं ते जमिनीलगत काळं पडून आडवं होतं. यालाच रोपं कोलमडणं किंवा मर म्हणतात. पुष्कळदा दोष बियाणं विकणाऱ्यावर जातो. बी उकरून पाहिलं तर खरं कारण दिसतं.

उलट टोकही आहे. लेट्यूससारख्या पानभाजीचं बी मातीचं तापमान 30 अंशांच्या आसपास गेलं की उगवायचंच नाकारतं. पालकाचंही कमीअधिक तसंच. भर उन्हात उघड्या, काळ्या मातीचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. गाजराचे नुकते वर आलेले कोंब त्या तापलेल्या थरापाशी भाजूनही जातात.

## पण पाऊस तर चांगलाच ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि उत्तर ‘हो’ असं सरळ देता येत नाही.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांमध्ये काही पाणी आणि काही हवा असेल तर मुळं श्वास घेतात. पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूला पाण्यातून वाट काढावी लागते, आणि पाण्यातून तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. दोन-तीन दिवस पाणी साचलं तर कोवळ्या मुळांची टोकं मरायला लागतात. रोप भर पाण्यात उभं असूनही मान टाकतं ते यामुळे.

त्याच पाण्याबरोबर नत्रही (नायट्रोजन) निघून जातं. नत्राचं जे रूप झाडं सर्वांत सहज घेतात, त्या नायट्रेटला मातीचे कण धरून ठेवत नाहीत. ते पाण्याबरोबर खाली उतरतं. उरलेल्यातलं काही, हवा कोंडलेल्या मातीतले जिवाणू वायू करून उडवतात. पेरताना दिलेलं खत रोपाची मुळं तिथवर पोचण्याआधीच संपलेलं असतं. पानं पिवळी दिसतात. गारवाही असेल तर काही रोपांची पानं जांभळट होतात, कारण गार मातीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलता येत नाही. खताचा आणखी एक हात देण्यापेक्षा माती उबदार होईपर्यंत थांबणं तिथे जास्त उपयोगाचं असतं.

तिसरी गोष्ट मातीच्या बांधणीची. जोरदार थेंबांनी वरची माती फुटते, तिचा चिखल होतो, आणि ऊन पडलं की त्याची कडक खपली बनते. घेवड्याचा कोंब ती खपली उचलू शकतो. पुष्कळदा मानही मोडून घेतो. कांदा आणि गाजर यांच्या दोऱ्यासारख्या कोंबांना तेवढीही ताकद नसते, ते खपलीखालीच वळत राहतात आणि संपतात. उगवण विरळ झाली की नांग्या, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागा, पुन्हा पेरून भराव्या लागतात. मग एकाच वाफ्यात दोन वयांची रोपं होतात आणि काढणी पुढे कधीच एकसारखी होत नाही.

आणि मग घाई. पावसाने पेरणी लांबली म्हणून माणूस अस्वस्थ होतो आणि वाफसा येण्याआधीच शेतात यंत्र घालतो. वाफसा म्हणजे माती ना चिखल ना धूळ, अशी मधली अवस्था. मूठभर माती दाबून गोळा करावा, कमरेच्या उंचीवरून सोडावा. तो भुसभुशीत फुटला तर वाफसा आहे, चपटा झाला तर नाही. ओल्या मातीवरून एकदा फिरलेलं चाक खालचा थर असा दाबून टाकतं की तो दबाव त्या पूर्ण हंगामात, कधी त्यापुढेही, मुळांना अडवत राहतो. तीन दिवस थांबून जे नुकसान होतं ते याच्यापुढे काहीच नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

सुरुवातीच्या पावसाची सगळ्यात फसवी बाजू मात्र वेगळी आहे. पहिले तीन आठवडे माती वरपर्यंत ओली असेल तर मुळांना खाली जायचं कारणच उरत नाही. ती वरच्या थरात पसरतात. रोप वरून टवटवीत दिसतं. पुढे पंधरा दिवसांची उघडीप पडली की याच वाफ्यातली रोपं सर्वांत आधी सुकतात. शेजारचा, सुरुवातीला थोडा तहानलेला वाफा मात्र टिकतो, कारण त्याच्या मुळांनी ओलीचा माग काढत खाली जागा केलेली असते. याचा अर्थ रोपांना उपाशी ठेवावं असा नाही. बी उगवेपर्यंत ओल तुटता कामा नये. कोंब फुटू लागलेलं बी वाळलं तर ते बहुधा पुन्हा जागं होत नाही. पण एकदा रोप रुजलं की दोन पाण्यांमधलं अंतर थोडं वाढवणं त्याच्या भल्याचं असतं.

## थंडीची आठवण आणि कांद्याचे डेंगळे

काही भाज्या थंडी नोंदवून ठेवतात, अगदी शब्दशः. कांदा, कोबी, गाजर, बीट ही मुळात दोन ऋतूंची झाडं आहेत. पहिल्या ऋतूत अन्न साठवायचं, थंडीचा काळ काढायचा, मग फुलून बी धरायचं. थंडी सरली हे झाडाला कळल्याशिवाय ते फुलत नाही. गुस्ताव गास्नर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1918 मध्ये धान्यपिकांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की फुलण्यासाठी काही झाडांना आधी गारव्याचा ठरावीक काळ लागतो. या प्रक्रियेला शीतसंस्कार म्हणू.

आपल्याला कांदा हवा असतो, त्याचं फूल नको. पण लागवडीनंतर काही आठवडे पारा 10 अंशांच्या आसपास किंवा त्याखाली राहिला तर झाड समजतं की थंडीचा ऋतू येऊन गेला. हवा तापली की ते कांदा पोसण्याऐवजी मधोमध पोकळ दांडा काढतं. हेच डेंगळे. अशा कांद्याची मान जाड राहते आणि तो टिकत नाही.

इथे एक बारकावा आहे, आणि तो कळला की पुष्कळ कोडी सुटतात. अगदी लहान रोपाला ही थंडी लागू होत नाही. मान पेन्सिलीएवढी जाड झाल्यावरच रोप तिची नोंद घेतं. कोबीचंही असंच. म्हणजे सर्वांत धोक्याचा क्रम ‘आधी ऊब, मग थंडी’ हा असतो. सुरुवात उबदार मिळाल्याने जे शेत सर्वांत पुढे गेलेलं असतं, त्यालाच डेंगळे जास्त येतात. उशिरा लावलेलं, बारीक रोपांचं शेत वाचतं. लवकर लावणाऱ्याची चूक नसते, पण फटका त्यालाच बसतो.

फ्लॉवरचं दुखणं जरा निराळं. कोवळ्या रोपाला थंडी, नत्राची कमतरता किंवा रोपवाटिकेत फार दिवस अडकून पडण्याचा ताण बसला तर पुरेशी पानं येण्याआधीच ते गड्डा धरतं. गड्डा पोसायला पानंच नसतात, त्यामुळे तो बटणाएवढाच राहतो. लावणारा नंतर कितीही खत देवो, तो मोठा होत नाही.

टोमॅटो तर पहिल्या फुलांचा निर्णय रोपवाटिकेतच घेऊन मोकळा होतो. दोन-तीन खरी पानं दिसत असतात तेव्हाच शेंड्याच्या आत पहिला घोस तयार होऊ लागतो, डोळ्यांना न दिसणारा. कळी घडत असताना रात्री फार गार गेल्या तर फळं वेडीवाकडी, खाचा पडलेली येतात. फूल उमलल्यावर रात्रीचा पारा 13 अंशांखाली राहिला तर परागकण नीट काम करत नाहीत आणि फुलगळ होते. तोडणीच्या वेळी हातात आलेलं वाकडं फळ काही आठवड्यांपूर्वीच्या रात्रींची साक्ष असतं.

## एकच रात्र, पण निरभ्र

आकाशात ढग असतील तर ते पांघरुणासारखे जमिनीची ऊब परत पाठवतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री ही ऊब सरळ निघून जाते आणि पानं भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. तापमापक माणसाच्या उंचीवर 3 अंश दाखवत असतो आणि जमिनीलगत पानांवर बर्फ धरलेला असतो. गार हवा जड असल्यामुळे पाण्यासारखी उताराने खाली वाहते, म्हणून खोलगट वाफे आधी जातात. वाटाणा, कोबी, पालक असा हलका तडाखा सोसतात. काकडी, घेवडा आणि टोमॅटो सोसत नाहीत. काकडीला तर बर्फाचीही गरज नाही, 5-10 अंशांच्या काही रात्री पुरतात.

रात्री तुषार, म्हणजे पाणी फवारणारे नळ, चालू ठेवून पीक वाचवतात ते ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. कारण असं की पाणी गोठताना उष्णता सोडतं, एका ग्रॅममागे सुमारे 80 कॅलरी. तेवढ्यावर पान शून्याच्या आसपास तगून राहतं. मात्र सकाळी बर्फ वितळेपर्यंत तुषार थांबवायचे नाहीत. मध्येच थांबवले तर बाष्पीभवनाने पान आणखी गार पडतं आणि काहीच न केल्यापेक्षा जास्त नुकसान होतं.

## तण, किडी, मधमाश्या

माती ओली असली की खुरपणी-कोळपणी लांबते, तणं मात्र थांबत नाहीत. कांद्याची पानं उभी असल्याने तो जमीन झाकत नाही, म्हणून त्याला या उशिराचा मार सर्वांत जास्त बसतो. किडीही उबेवरच वाढतात. सुरुवात उबदार आणि कोरडी असेल तर मावा आणि फुलकिडे लवकर वाढतात, जोराचा पाऊस त्यांना धुऊन काढतो. गारठ्यात रोप दोन पानांवर अडकलं की पानं कुरतडणाऱ्या किड्यांना ते जास्त दिवस सापडतं. वेलवर्गीय भाज्यांना मधमाश्या लागतात, आणि 12-13 अंशांखाली किंवा पावसात त्या फारशा बाहेर पडत नाहीत. बारीक, एका बाजूला आखडलेली काकडी बहुधा अपुऱ्या परागीभवनाची असते.

## ‘नंतर ऊन पडलं की भरून निघत नाही का?’

काही पिकांचं निघतं. मिरची, वांगं, वेलीसारखा वाढणारा टोमॅटो महिनोन्महिने फुलत राहतात. पहिला तोडा बुडाला तरी पुढचे हाती येतात. मुळा, फ्लॉवर, मका यांना दुसरी संधी नसते. गड्डा एकदाच धरतो, कणीस एकदाच पोसतं.

शिवाय कोवळ्या रोपाची वाढ चक्रवाढ व्याजासारखी असते. जेवढी पानं, तेवढं ऊन पकडलं जातं, आणि त्यातून आणखी पानं. समजा, पानांचं क्षेत्र दर सहा दिवसांनी दुप्पट होतंय. सुरुवातीला सहा दिवस गमावलेलं रोप त्यानंतर कोणत्याही दिवशी निम्म्याच पानांचं असेल, जोवर दोन्हीकडची जमीन झाकली जात नाही तोवर. तेच सहा दिवस शेवटी गमावले तर नुकसान फार तर काही टक्क्यांचं.

## ‘ऋतूच लवकर तापतोय, तर लवकर पेरावं?’

सरासरी तापमान वाढलं म्हणजे अधूनमधून येणाऱ्या थंड रात्री संपल्या असं नाही. मार्च 2012 मध्ये अमेरिकेच्या मोठ्या भागात विक्रमी उकाडा होता. मिशिगन राज्यात फळझाडं कितीतरी आठवडे आधी फुलली. एप्रिलमध्ये नेहमीसारख्या थंड रात्री आल्या आणि तिथलं आंबट चेरीचं व सफरचंदाचं बहुतेक पीक गेलं. थंडी वेगळी नव्हती, झाडं पुढे गेलेली होती. भाजीपाल्याचं तेच. लवकर पेरायचंच असेल तर थोडं पेरावं, आणि ते बुडालं तर पुन्हा पेरायला बी आणि जागा राखून ठेवावी.

## मग हातात काय उरतं?

आकाशावर ताबा नाही, पण मातीवर थोडाफार आहे. गादीवाफ्यातून, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यातून, पाणी लवकर उतरतं, म्हणून ती माती लवकर तापते. पातळ कापडी आच्छादनाखाली रात्रीचे दोन-तीन अंश वाचतात. रोपवाटिकेतली रोपं थेट उघड्यावर न आणता आठ-दहा दिवस हळूहळू ऊन-वाऱ्याची सवय लावून काटक केली तर पहिला धक्का कमी बसतो. आणि एक साधा तापमापक, सकाळी नऊच्या सुमारास पाच सेंटिमीटर मातीत खोचून, सलग चार-पाच दिवस वाचायचा. त्या पिकाच्या उगवणीला लागणारा आकडा टिकून आहे असं दिसलं, पुढच्या पाच-सहा दिवसांच्या अंदाजात गारठा नाही हेही पाहिलं, की पेरायचं. त्याहून लांबच्या अंदाजावर बी मातीत टाकू नये.

त्या दोन वाफ्यांचंही उत्तर असंच मातीपाशी सापडतं. दुसरा वाफा पंधराव्या दिवशी पेरायचा नाही. पहिल्या वाफ्यातल्या घेवड्याची बीजदलं, म्हणजे बियाच्या दोन जाड फाकी, गळायच्या आधी पहिली दोन खरी पानं पूर्ण उघडलेली दिसली की पेरायचा. गारठ्यात त्याला पंचवीस दिवस लागतील, उबेत दहा-बारा. पहिल्या वाफ्याने तोवरची ऊब आपल्या पानांत मोजून ठेवलेलीच असते.